घरचा पहिला रीफ टँक: तीन फुटी टाकी, मऊ कोरल आणि आपला उन्हाळा

रीफ टँक म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी. तिच्याबद्दल इंग्रजीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशांतल्या घरांसाठी लिहिलेलं असतं. तिथे पहिला प्रश्न हीटरचा. पुण्या-मुंबईत पहिला टँक बसवणाऱ्याने आधी एप्रिल-मे, घरच्या आरओचं पाणी आणि मध्येच जाणारी वीज यांचा बंदोबस्त करायचा असतो. मासे आणि कोरल सगळ्यात शेवटी. खर्चही याच क्रमाने धरा. चिलरची, म्हणजे पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राची, किंमत पुष्कळदा टाकी आणि स्टँडच्या एकत्रित किमतीहून जास्त निघते. तेवढे पैसे आज नसतील तर टँक सहा महिने पुढे ढकला. जानेवारीत हौसेने आणलेलं सगळं मे महिन्यात गमावण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

खालचे सगळे आकडे एकाच मांडणीचे आहेत: ३ फूट × दीड फूट × दीड फूट टाकी, खाली संप (उपकरणांची छोटी टाकी), आत मऊ कोरल आणि चार-पाच लहान मासे. दगड आणि वाळूने अडवलेली जागा वजा केली तर टाकी आणि संप मिळून साधारण १८० लिटर पाणी राहतं. मीठ आणि औषधांचा हिशेब या १८० वर करायचा, काचेच्या मापावर नाही. तुमची टाकी वेगळी असेल तर त्याच प्रमाणात आकडे बदला.

कायदा आधी

कॅल्शियमचा सांगाडा बांधणारे सगळे कडक कोरल, ब्लॅक कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखे हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. वाघही त्याच अनुसूचीत आहे, यावरून गांभीर्य लक्षात घ्या. समुद्रीघोडे आणि समुद्रकाकड्या यांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे. संरक्षण जिवंत प्राण्यापुरतं नाही, मेलेल्या कोरलचा तुकडाही त्यात मोडतो. त्यामुळे मालवण-रत्नागिरीहून पिशवीत घालून आणलेला कोरलचा दगड टँकमध्ये टाकणं हा गुन्हा ठरतो. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. दुकानदार ‘इम्पोर्टेड आहे, चालतं’ म्हणेल. कारवाई झाली तर ती ज्याच्या घरी कोरल आहे त्याच्यावर होते, हे त्याला विचारण्याआधी स्वतःला सांगा. परदेशातून येणाऱ्या काही प्रजातींची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीही करावी लागते. म्हणून कुठलाही जीव बिलावर नाव लिहून घेऊनच घ्या.

एवढ्याने हिरमोड व्हायचं कारण नाही. मश्रूम, झोअँथिड, लेदर, ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनिया हे मऊ कोरल वरच्या यादीत नाहीत, आणि नवशिक्यासाठी तेच योग्य असतात. चुका पोटात घालतात, वाढतात पटकन आणि पाण्यातल्या कॅल्शियमची फार ओढ लावत नाहीत.

टाकी, स्टँड, संप

वीस-तीस लिटरचा नॅनो टँक टेबलावर छान दिसतो आणि स्वस्त वाटतो, पण पहिला टँक म्हणून तो सगळ्यात अवघड. पाणी कमी म्हणजे तापमान आणि क्षारता (पाण्याचा खारेपणा) दोन्ही तासाभरात हलतात. मोठ्या टाकीत तीच चूक सुधारायला दिवस मिळतो.

दीड फूट उंचीसाठी १० मिमी काच आणि वर काचेच्या पट्ट्यांचं ब्रेसिंग घ्या. ओव्हरफ्लोची, म्हणजे वरचं पाणी संपमध्ये उतरवणारी, भोकं जोडणीआधीच पाडून घ्या. काच टफन केलेली असेल तर नंतर तिला भोक पाडता येत नाही, ती तडकून चुरा होते. दोन निचरे ठेवा, एक रोजचा आणि एक थोडा वर, आणीबाणीचा. रोजच्या निचऱ्यात एखादी गोगलगाय अडकली की दुसरा हॉल वाचवतो.

भरलेली टाकी, संप, दगड, वाळू आणि स्टँड मिळून वजन तीनशे किलोच्या आसपास जातं. ते खोलीच्या मध्यावर ठेवू नका, भिंतीलगत बीमच्या बाजूला ठेवा. स्टँड लोखंडी चौकोनी पाइपचा, पावडर कोटिंग केलेला घ्या. प्लायवूडच हवं असेल तर मरीन ग्रेड. टाकीखाली १० मिमी फोमची शीट अंथरा. स्पिरिट लेव्हलने चारही बाजू तपासा, कारण पाणी भरल्यावर वाकडेपणा दुरुस्त करता येत नाही.

संप म्हणजे खालची छोटी टाकी, साधारण ६० × ३५ × ३५ सेंमी. तीन कप्पे करा. पहिल्यात २०० मायक्रॉनचा फिल्टर सॉक (कचरा गाळणारी कापडी पिशवी), दुसऱ्यात प्रोटीन स्किमर (हवेच्या बुडबुड्यांच्या फेसातून घाण बाहेर काढणारं उपकरण), तिसऱ्यात वर पाणी फेकणारा रिटर्न पंप. स्किमरच्या कप्प्यात पाण्याची उंची कायम सारखी राहायला हवी. ती मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून आधी स्किमर घ्या आणि मग संपच्या काचा कापायला सांगा. उलट क्रमाने गेलात तर स्किमर विटांवर उभा करावा लागतो. रिटर्न पंप ताशी २००० लिटरचा घ्या. चार-साडेचार फूट वर चढवताना त्यातले हजार-बाराशे उरतात, आणि १८० लिटरला तेवढे पुरतात. टाकीच्या आत पाणी हलवायला वेगळे दोन वेव्हमेकर लागतात, ताशी अडीच-तीन हजार लिटरचे, समोरासमोरच्या कोपऱ्यांत.

पाइप युपीव्हीसीचे वापरा, पंपाजवळ युनियन (उघडता येणारा जोड) जोडा. सॉल्व्हेंट लावल्यावर २४ तास पाणी सोडू नका. मग साध्या नळाच्या पाण्याने सगळं चालवून बघा आणि मुद्दाम वीज बंद करा. वरून किती पाणी खाली येतं ते बघा. संप काठोकाठ येत असेल तर रिटर्नच्या तोंडाची खोली कमी करा, किंवा पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली पाइपला ४ मिमीचं भोक पाडा म्हणजे सायफन तुटतो. सुरक्षित पातळीवर संपच्या काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा. या चाचणीला अर्धा तास लागतो. ती टाळणाऱ्याच्या खालच्या फ्लॅटमध्ये पहिल्याच लोडशेडिंगला पाणी टपकतं.

वीजजोडणीत ३० मिलीअँपचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. खारं पाणी आणि २३० व्होल्ट यांच्यामध्ये दुसरं काही उभं नसतं. प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झुकलेली असू द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी जमिनीवर पडेल, बोर्डात जाणार नाही.

घरचा आरओ का चालत नाही

इथे सगळ्यात जास्त टँक फसतात आणि कारण महिनोन्‌महिने सापडत नाही. पिण्याच्या आरओमध्ये बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलर असतो. तो शुद्ध झालेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, चव यावी म्हणून. वर मिनरल कार्ट्रिज असते. बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस ३० ते ८० भरतो. त्यात नेमकं काय आहे, नायट्रेट, फॉस्फेट की सिलिकेट, ते मीटर सांगत नाही. सिलिकेट असेल तर तपकिरी शेवाळ हटता हटत नाही.

त्याहून वाईट म्हणजे ‘कॉपर’ असलेले आरओ. तांबं माणसाला चालतं. कोळंबी, गोगलगाय आणि कोरल यांना मात्र अगदी थोडं तांबंही मारतं. दगड आणि वाळू ते शोषून ठेवतात, आणि एकदा मुरलं की काढणं फार कठीण. या कारणासाठी तांब्याचा हंडा, पितळी नळ, तांब्याची चकती हे सगळं रीफच्या पाण्यापासून लांब ठेवा.

करायचं ते असं: वेगळा साधा आरओ घ्या, ज्यात सेडिमेंट फिल्टर, कार्बन ब्लॉक आणि मेम्ब्रेन एवढंच असेल. त्यापुढे रंग बदलणाऱ्या रेझिनची डीआय कार्ट्रिज (उरलेले क्षार पकडणारी) जोडा. बाहेरच्या पाण्याचा टीडीएस ० यायला हवा. २-३ दिसू लागला की रेझिन बदला, कारण संपत आलेलं रेझिन आधी पकडलेलं बरंच काही परत सोडतं. टँकर किंवा बोअरच्या पाण्यावर, जिथे टीडीएस आठशे-हजार असतो, रेझिन भराभर संपतं. तिथे मेम्ब्रेन चांगल्या प्रतीची घेणं परवडतं. वाया जाणारं पाणी एका लिटरला तीन लिटर तरी असतं, ते लादी पुसायला आणि संडासात वापरा.

मीठ

रीफ सॉल्ट हेच मीठ. स्वयंपाकाचं, जाडं, सैंधव यांपैकी काहीही चालत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट असं बरंच काही असतं आणि कोरलला तेच लागतं. मुंबईच्या किनाऱ्यावरून कॅनमध्ये आणलेलं पाणीही नको, त्यात सांडपाणी आहे.

लिटरमागे साधारण ३७ ग्रॅम मिठाने ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) क्षारता येते, म्हणजे २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व १.०२६. पहिल्या भरणीला १८० लिटरसाठी पावणेसात किलोच्या आसपास मीठ लागेल. आधी पाणी, मग मीठ. थोड्या पाण्यात सगळं मीठ ओतलं तर कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून पांढरा गाळ होऊन खाली बसतात. तो पुन्हा विरघळत नाही आणि मिठातला महाग भाग वाया जातो. फूड-ग्रेड ड्रममध्ये पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) सोडून मूठमूठ मीठ घाला, २४ तास फिरू द्या आणि मग मोजा. फक्त पहिल्या भरणीला, टाकीत काहीच नसताना, थेट टाकीत मीठ मिसळलं तरी चालतं.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, तरंगणारी काट्याची डबी नको. रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून ३५ वरही बरोबर असेल असं धरू नका. कॅलिब्रेशनचं द्रावण घरी होतं: दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ३६.५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओ-डीआय पाणी. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ पीपीटी दाखवायला हवं, नसेल तर स्क्रू फिरवून तिथे आणा. दर महिन्याला हे करा. साध्या मिठाचा रीफ टँकशी येणारा संबंध एवढाच.

दगड आणि वाळू

कारखान्यात बनवलेला सच्छिद्र रीफ रॉक घ्या, १५ किलो पुरे. दगड थेट काचेवर ठेवा आणि वाळू नंतर ओता. वाळूवर ठेवलेला दगड खालून कोणी मासा किंवा कोळंबीने उकरला की घसरतो आणि समोरची काच फोडतो. दगड रीफ सिमेंटने किंवा इपॉक्सीने जोडा. मागच्या काचेपासून ८-१० सेंमी अंतर सोडा, नाहीतर मागे कचरा साचत राहतो. भिंतीसारखा ढीग रचण्याचा मोह होतो. दोन वेगळे उंचवटे आणि मध्ये मोकळी वाट ठेवली तर पाणी फिरतं आणि नंतर कोरल लावायला जागाही उरते.

वाळू १ ते २ मिमी दाण्याची, पाकीटबंद अरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची वाळू), साडेतीन सेंमी थराला २० किलो. पांढरं पाणी येणं कमी होईपर्यंत धुवा, शेवटचं धुणं आरओ-डीआय पाण्याने. नदीची किंवा चौपाटीची वाळू वापरू नका. भरल्यावर दोन दिवस पाणी दुधाळ राहील, त्याची चिंता नको.

सायकल: तीन ते सहा आठवडे थांबणं

माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. दगडावर वस्ती करणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. यालाच टँक सायकल होणं म्हणतात. ही वस्ती व्हायला वेळ लागतो, आणि तोवर मासा सोडणं म्हणजे त्याला अमोनियात कोंडणं. ‘डॅमसेल टाका, टँक सायकल होईल’ हा दुकानातला जुना सल्ला ऐकू नका. डॅमसेल हा छोटा मासा चिवट असतो, जगतो आणि पुढे प्रत्येक नवीन माशाला फाडतो. मग तो पकडायला सगळे दगड बाहेर काढावे लागतात.

बाजारातली कोळंबी कुजत ठेवण्याची पद्धतही आहे. तिने घर वास मारतं आणि किती अमोनिया पडला ते कळत नाही. त्यापेक्षा लॅब ग्रेड अमोनियम क्लोराइड वापरा. १८० लिटरला १.१ ग्रॅम टाकलं की अमोनिया २ पीपीएम (दहा लाखात २ भाग) होतो. कल्हईवाल्याकडचा नवसागर म्हणजे हेच रसायन, पण त्यात धातूंची भेसळ असू शकते, म्हणून तो घेऊ नका. सोबत बाटलीतले नायट्रिफायिंग जिवाणू घाला, पहिले तीन दिवस स्किमर बंद आणि सॉक बाहेर. तापमान २६ अंश, वेव्हमेकर चालू, दिवे पूर्ण बंद. दिवे लावलेत तर फक्त शेवाळ वाढतं.

दर दोन दिवसांनी अमोनिया मोजा. शून्य झाला की पुन्हा १.१ ग्रॅम टाका. टाकलेला २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्य झाला की टँक तयार. नायट्राइट दिसत राहिला तर घाबरू नका. खाऱ्या पाण्यात क्लोराइड इतकं असतं की नायट्राइट माशांना फारसा बाधत नाही. पण तो असताना नायट्रेटची टेस्ट खोटा, फुगलेला आकडा दाखवते, म्हणून नायट्रेट मोजायला नायट्राइट जाईपर्यंत थांबा. शेवटी नायट्रेट ३० च्या वर निघाला तर अर्धं पाणी बदला.

उष्णता, बाष्पीभवन, वीज

टँकचं तापमान २५ ते २६.५ ठेवा. २९ च्या वर कोरल आतली शैवालं बाहेर टाकू लागतात आणि पांढरे पडतात. गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. पाण्यावर आडवा वारा सोडणारा पंखा कोरड्या हवेत दोन-चार अंश खाली आणतो. पुण्यात मार्चपर्यंत तेवढ्यावर निभावतं. मुंबईच्या दमट हवेत, आणि पावसाळ्यात कुठेही, पंखा फारसं काही करत नाही, कारण बाष्पीभवनच होत नाही. तिथे १/१० एचपी चिलर लागतो. चिलर पाण्यातली उष्णता खोलीत फेकतो, त्यामुळे तो स्टँडच्या बंद कपाटात ठेवला तर स्वतःच्याच गरम हवेत चालत राहतो आणि लवकर मरतो. मागे-पुढे एक फूट मोकळं ठेवा.

पंखा चालू असेल तर दिवसाला चार लिटर पाणी उडू शकतं. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. आठवडाभर दुर्लक्ष केलं तर १८० लिटरचे १५२ होतात आणि ३५ ची क्षारता ४१ वर जाते. म्हणून रोज साधं आरओ-डीआय पाणी घालायचं, खारं नाही. हे काम ऑटो टॉप-ऑफवर, म्हणजे पातळी घटली की आपोआप पाणी घालणाऱ्या यंत्रावर, सोपवा. त्याचा सेन्सर रिटर्न पंपाच्या कप्प्यात लावा, कारण पातळी फक्त तिथेच घटते. त्याची पाण्याची बादली मुद्दाम १० लिटरचीच ठेवा. फ्लोट अडकून सगळं पाणी आत गेलं तरी क्षारता ३३ च्या खाली जात नाही. पन्नास लिटरचा ड्रम जोडलात तर तोच बिघाड टँक संपवतो.

वीज गेल्यावर मासे थंडी-उष्णतेने मरण्याआधी श्वासाने मरतात. वेव्हमेकर आणि रिटर्न पंप डीसी प्रकारचे घ्या आणि घरच्या साइन वेव्ह इन्व्हर्टरवर लावा, दोन्ही मिळून ५० वॅटही खात नाहीत. चिलर त्यावर लावू नका. बॅटरीवरचा एक एअर पंप कायम चार्ज करून ठेवा. मे महिन्यात दुपारभर वीज नसेल तर फ्रीजरमधल्या एक लिटरच्या बर्फाच्या बाटल्या, बूच घट्ट लावून, संपमध्ये ठेवा. एक बाटली पूर्ण वितळून कोमट झाली की १८० लिटरचं तापमान साधारण ०.६ अंशाने उतरतं. एका वेळी एकच ठेवा.

दिवे

तीन फुटांना ९० ते १२० वॅटचा रीफ एलईडी. मऊ कोरलला ५० ते १५० पार (PAR, कोरलला उपयोगी प्रकाशाचं माप) पुरतो. सुरुवात ३० टक्क्यांवर, रोज आठ तास, आणि दर आठवड्याला पाच टक्के वाढ. टायमर लावा. उघडीप-पावसाप्रमाणे दिवे कमी-जास्त करत बसू नका.

मासे

पहिले मासे म्हणजे हॅचरीत वाढवलेल्या क्लाउनफिशची जोडी. समुद्रातून पकडलेल्यापेक्षा ते पेलेट पटकन खातात. क्लाउनफिशच्या प्रजननाचं तंत्र भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केलं आहे आणि नवी मुंबईत ऐरोलीलाही सागरी शोभिवंत माशांची हॅचरी उभी राहिली आहे. तेव्हा दुकानात ‘टँक ब्रेड (टाकीतच जन्मलेला) आहे का’ हे विचारायला संकोच नको. त्यानंतर एखादा वॉचमन गोबी, एक फायरफिश आणि क्लीनर श्रिंप. दोन खरेद्यांमध्ये किमान तीन आठवडे जाऊ द्या, कारण जिवाणूंची वस्ती तेवढ्या हप्त्यांनीच वाढते.

या टाकीत काय आणू नये तेही सांगितलं पाहिजे. निळा टँग फूटभर होतो. मॅन्डरिन मासा फक्त कोपेपॉड नावाचे बारीक जिवंत जीव खातो आणि नव्या टँकमध्ये उपाशी मरतो. डॉमिनो डॅमसेल सगळ्यांशी भांडतो. अ‍ॅनेमोन पहिल्या वर्षात नकोच. तो चालतो, वेव्हमेकरमध्ये ओढला जातो आणि एका रात्रीत सगळं पाणी नासवतो. क्लाउनला त्याची गरजही नसते.

कुर्ल्याच्या बाजारात असो की ओळखीच्या दुकानात, मासा आपल्यासमोर खाताना बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पोट आत गेलेला, धापा टाकणारा, अंगावर मिठासारखे ठिपके असलेला मासा स्वस्तात मिळाला तरी नको. आणलेला मासा थेट मुख्य टँकमध्ये जात नाही. ४० लिटरची रिकामी टाकी, स्पंज फिल्टर, पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे लपायला, आणि चार आठवडे निरीक्षण. पांढरे ठिपके म्हणजे मरीन इक. अंगावर सोनेरी धुळीचा थर आणि जोरात श्वास म्हणजे व्हेल्व्हेट, तो दोन-तीन दिवसांत मारतो. दोन्हींवर तांब्याचं औषध चालतं, टेस्ट किटने प्रमाण मोजत, आणि ते फक्त या वेगळ्या टाकीत. इक मुख्य टँकमध्ये शिरला तर सगळे मासे बाहेर काढून टँक ७६ दिवस माशांविना ठेवावा लागतो. चाळीस लिटरची टाकी त्यापेक्षा फार सोपी.

पिशवी आणल्यावर २० मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवा. लांबच्या प्रवासातून कुरिअरने आलेल्या पिशवीत तासभर थेंबथेंब पाणी टाकण्याची पद्धत घातक ठरते. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे सामू (पीएच) उतरलेला असतो, म्हणून साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी क्वारंटाइन टाकीची क्षारता आधीच पिशवीइतकी करून ठेवा आणि तापमान जुळताच मासा लगेच सोडा. पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये ओता.

कोरल

सायकलनंतर महिना-दीड महिन्याने, तपकिरी शेवाळाची पहिली लाट ओसरली की दोन-तीन फ्रॅग (कोरलचे छोटे तुकडे) आणा. आधी कोरल डिपमध्ये (किडे मारणाऱ्या द्रावणात) बुडवा, मग टँकच्या पाण्यात खळबळा, म्हणजे चपटे किडे आणि त्यांची अंडी निघतात. मश्रूम खाली, कमी प्रवाहात. झोअँथिड मध्यावर. लेदर थोडा वर, जिथे पाणी हलतं. ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनिया मुख्य दगडाला चिकटवू नका, वेगळ्या बेटावर ठेवा. सहा महिन्यांत ते गालिच्यासारखे पसरतात आणि मग खरवडूनही निघत नाहीत. चिकटवायला सायनोअ‍ॅक्रिलेट जेल, तो पाण्याखालीही धरतो. लेदर कोरल पाण्यात रसायनं सोडून शेजाऱ्यांची वाढ रोखतो, म्हणून संपमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवा आणि महिन्याने बदला.

झोअँथिड आणि त्याच्या जातभाईंमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असू शकतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच हाताळा. त्यांचा दगड ब्रशने घासू नका आणि स्वच्छ करण्यासाठी उकळत्या पाण्यात तर कधीच घालू नका. ती वाफ श्वासात जाऊन अख्खं कुटुंब रुग्णालयात जाऊ शकतं.

आठवड्याचं काम, आणि बिघाड

आठवड्याला १० टक्के पाणी बदला: १८ लिटर, त्याला ६७० ग्रॅम मीठ. नवीन पाण्याचं तापमान आणि क्षारता आधी जुळवा. सॉक तीन-चार दिवसांनी. स्किमरची मान आठवड्याला पुसा, तेलकट थर बसला की फेस चढत नाही. अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा, डीकेएच हे त्याचं एकक) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४००-४४०, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, नायट्रेट ५-१५, फॉस्फेट ०.०३-०.१. मऊ कोरलच्या टँकमध्ये पाणी बदलण्यानेच हे आकडे टिकतात. अल्कलिनिटी घसरलीच तर खाण्याचा सोडा वापरा, बेकिंग पावडर नाही. ५.४ ग्रॅम सोडा आरओ-डीआय पाण्यात विरघळवून हळूहळू संपमध्ये ओतला की १८० लिटरला १ डीकेएच वाढते. दिवसात त्याहून जास्त वाढवू नका. एसीच्या बंद खोलीत सामू ७.८ दिसला तर पीएच वाढवणारी बाटली आणू नका. खोलीत साठलेला कार्बन डायऑक्साइड त्याचं कारण असतो, खिडकी उघडा.

पहिले तीन-चार महिने टँक कुरूप दिसणारच. तपकिरी भुकटी म्हणजे डायटम, ती आपोआप जाते. लाल-जांभळी साय म्हणजे सायनो (सायनोबॅक्टेरिया): प्रवाह पोहोचत नाही असा कोपरा शोधा, साय ओढून काढा. हिरवे केस आले तर खाणं कमी करा आणि हाताने उपटा, सेरिथ गोगलगायी आठ-दहा सोडा. आणि शेंबडासारखे, टोकाला बुडबुडे धरलेले तपकिरी धागे दिसले, त्यात नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्य निघाले, तर ते डायनोफ्लॅजलेट. तेव्हा पाणी बदलून टँक आणखी ‘स्वच्छ’ करू नका. पोषक द्रव्यं संपल्यामुळेच ते माजतात. माशांना थोडं जास्त खायला घाला, नायट्रेट ५ वर येऊ द्या, दोन-तीन दिवस दिवे बंद ठेवा.

गुडनाइटसारखी लिक्विड मशीन, कछुआछाप, झुरळांचे स्प्रे, सोसायटीचं पेस्ट कंट्रोल या सगळ्यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं असतात. मासे आणि विशेषतः कोळंबी त्यांना सहन करू शकत नाहीत. स्किमर खोलीतली हवा ओढून पाण्यात मिसळतो, त्यामुळे विष थेट आत जातं. टँकच्या खोलीत मच्छरदाणी किंवा जाळी. पेस्ट कंट्रोलच्या दिवशी स्किमर आणि एअर पंप बंद करा, टाकी प्लास्टिकने झाका, वेव्हमेकर चालू ठेवा आणि खोली नीट हवेशीर झाल्यावरच स्किमर सुरू करा. दिवाळीत रंगकाम असेल तरी हेच.

गणपतीला पाच दिवस गावी जाणार असाल तर धडधाकट माशांना तेवढे दिवस खायला नसलं तरी चालतं. शेजाऱ्यांकडे माशांच्या खाण्याचा डबा देऊ नका, ते प्रेमाने दुप्पट घालतात. त्यांना दोनच कामं सांगा: टॉप-ऑफची बादली दिवसाआड खुणेपर्यंत भरणं, आणि थर्मामीटर २८ च्या वर दिसला तर फोन करणं.